आधी कोण वळलं?

कबुतरांचा थवा एकदम वळतो, असं आपण सगळेच म्हणतो. आयुष्यभर गच्चीवर उभं राहून कबुतरं उडवणारी माणसंही तसंच म्हणतात. पण तोच थवा मोबाइलवर संथ गतीने, सेकंदाला 240 चित्रं टिपून बघितला की वेगळंच दिसतं. एका कडेचं एक कबूतर आधी कलतं आणि त्याच्या पंखाची फिकट आतली बाजू उन्हात चमकते. मग शेजारचं कलतं, मग त्याच्या पलीकडची दोन. ही चमक थव्यातून आरपार सरकत जाते. शेवटचं कबूतर वळायला लागतं तोवर पहिलं नव्या दिशेला लागून सरळही झालेलं असतं. डोळ्याला एकसंध वाटणारं ते वळण म्हणजे खरं तर लहान लहान उशिरांची माळ असते.

मी सांगलीचा. वडिलांची ढाबळ माझ्याकडे आली आणि तंत्रनिकेतनातली नोकरी सांभाळून मी ती चालवली. शिकवायचा विषय होता नियंत्रण प्रणाली, म्हणजे यंत्राने स्वतःची चूक ओळखून स्वतःच दुरुस्त कशी करायची. या विषयात उशिराला कायम खलनायकाची जागा असते. माहिती उशिरा आली की दुरुस्ती चुकीच्या वेळी होते आणि यंत्र हेलकावे खायला लागतं. दिवसभर फळ्यावर हे लिहायचं आणि संध्याकाळी गच्चीवर बघायचं तर अंगभर उशीर घेऊन उडणारी पाच-पन्नास पाखरं एकमेकांना न धडकता आभाळात वळताहेत. हे कोडं मला सोडत नव्हतं, आणि पुढे त्यावरचं संशोधन वाचायला मिळालं तसा मी त्यात अधिकच गुंतत गेलो.

पाखराच्या शरीरात उशीर पावलोपावली असतो. डोळ्याने टिपायचं, मेंदूने ताडायचं, स्नायूंना हुकूम द्यायचा आणि मग वजन, वेग सांभाळत अंग वळवायचं. लांबून सोडलं तरी घरी परतणारं होमर कबूतर ताशी साठ किलोमीटरने सहज जातं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा उशीर झाला तर तेवढ्यात ते पावणेदोन मीटर पुढे गेलेलं असतं. थव्यात दोन कबुतरांमधलं अंतर कित्येकदा त्याहून कमी असतं.

एडमंड सेलस या इंग्रज पक्षिनिरीक्षकाला हे इतकं अशक्य वाटलं, की 1931 साली त्याने पक्ष्यांमध्ये विचारांची थेट देवाणघेवाण होत असावी, अशा अर्थाचं पुस्तकच लिहिलं. आज ते वाचून कुणी हसू नये. त्याने तासन् तास पाहिलं होतं, आणि त्याच्या हातात कॅमेरा नव्हता, वही होती.

कॅमेऱ्याने उत्तर दिलं ते 1984 साली. वेन पॉट्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने डनलिन नावाच्या छोट्या किनारपक्ष्यांच्या थव्यांचं चित्रण केलं. चिखलात चोच खुपसून चरणारे हे पक्षी हजारोंनी उडतात. पॉट्सने आधी प्रयोगशाळेत मोजलं, की दचकवल्यावर डनलिन किती वेळात हलतो. सरासरी 38 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग धरला तर तसे 38. मग चित्रणात मोजलं, की वळण एका पक्ष्याकडून शेजाऱ्याकडे किती वेळात जातं. ते निघालं सुमारे 15 मिलिसेकंद. प्रत्येक पक्षी फक्त शेजारी हलल्यावर हलत असता तर एवढ्या लवकर वळण पुढे जाणं शक्यच नव्हतं.

पॉट्सचं म्हणणं असं, की पक्षी शेजाऱ्याची वाट बघत नाही. लांबून सरकत येणारी वळणाची लाट त्याला आधीच दिसते, आणि ती आपल्यापर्यंत कधी पोहोचेल हे ताडून तो तयारीत राहतो. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-पथकाच्या मागच्या ओळीत वाजवणाऱ्या कुणालाही हे पटेल. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे पस्तीस मीटर मागे उभ्या असलेल्याच्या कानावर पुढचा ठोका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा पडतो. प्रत्येक ओळीने पुढच्या ओळीचा आवाज ऐकून टिपरू मारलं तर ठेका फाटलाच. म्हणून जाणता वादक पुढच्या ताशेवाल्याच्या वर गेलेल्या हाताकडे बघतो आणि ठोका पडायच्या आधीच स्वतःचा हात उचलतो. माणसाला बघून हालचाल करायला सुमारे 194 मिलिसेकंद लागतात. पण सराव झालेल्या नर्तकांच्या रांगेत हालचाल त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने सरकते, हेही पॉट्सने दाखवलं.

त्याच चित्रणातून आणखी एक गोष्ट निघाली आणि ती मला फार मोलाची वाटते. वळण कुठलाही पक्षी सुरू करू शकतो, पण थवा त्याचं ऐकतो ते तो थव्याच्या आत वळला तरच. बाहेरच्या दिशेला गेलेल्याच्या मागे कुणी जात नाही. ढाबळवाल्यांना याचं कारण सांगायला नको. शिक्रा असो की बहिरी ससाणा, तो एकट्या सुटलेल्या पाखरावर झडप घालतो.

आता फळ्याकडे येतो, कारण उशीर नेमका कुठे घात करतो हे आकड्यांशिवाय कळत नाही. समजा, एक कबूतर दुसऱ्याची दिशा पकडू पाहतंय. दोघांच्या दिशेत जेवढा फरक, तेवढी त्याची वळण्याची ओढ. ही ओढ अशी धरू, की उशीर नसता तर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात तो फरक साधारण एक तृतीयांशावर आला असता. या ओढीचा आकडा झाला पाच. आता तिला उशिराने गुणायचं. उशीर 0.07 सेकंद असेल तर गुणाकार 0.35 येतो. तो 0.37 च्या आत असला की कबूतर अलगद शेजाऱ्याच्या दिशेला येऊन मिळतं. उशीर 0.2 सेकंद झाला तर गुणाकार 1. आता ते थोडं जास्त वळतं, परत येतं, पुन्हा किंचित जास्त जातं, पण अखेर स्थिरावतं. उशीर 0.35 सेकंद झाला की गुणाकार 1.75. मर्यादा आहे 1.57 ची. ती ओलांडली की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि जुळवून घ्यायची प्रत्येक धडपड त्याला अधिकच भरकटवते.

विद्यार्थ्यांना मी इथे नेहमी थांबवत असे. नीट बघा, घात एकट्या उशिराने झालेला नाही. उशीर आणि उतावीळपणा यांच्या गुणाकाराने झालाय. माहिती शिळी असेल तर सावकाश वळणारं पाखरू तरून जातं आणि तडफेने वळणारं बिथरतं. 0.35 सेकंदाचा तोच उशीर ठेवून ओढ पाचावरून एकावर आणली, तर हेलकावे पूर्ण थांबतात.

उशीर मर्यादेबाहेर गेला की नेहमी विस्कटच होतो, असंही नाही. एरिक फोर्गोस्टन आणि आयरा श्वार्ट्झ यांनी 2008 साली गणिताने दाखवलं, की एकमेकांकडे ओढल्या जाणाऱ्या, स्वतःच्या बळावर चालणाऱ्या घटकांच्या झुंडीत उशीर घातला की ती झुंड सरळ जायचं सोडून फिरायला लागू शकते. जर्मनीत लाइपझिग विद्यापीठात फ्रँक सिखोस, क्लाउस क्रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे डोळ्यांसमोर घडवून आणलं, आणि 2023 साली ते प्रसिद्ध झालं. त्यांच्याकडे पाखरं नव्हती. मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यात मोजायचे कण होते, सोन्याच्या सूक्ष्म कणिका लावलेले. लेझरचा प्रकाश कणाच्या एका बाजूला पाडला की तिथे उष्णता होते आणि कण पुढे सरकतो. संगणक सूक्ष्मदर्शकातून कण बघायचा आणि मध्यभागी ठेवलेल्या एका स्थिर कणाकडे त्याला ढकलायचा, फक्त मुद्दाम जुन्या माहितीवरून. आपण थोड्या वेळापूर्वी जिथे होतो तिथून मध्य ज्या दिशेला होता, त्या दिशेला कण जाणार. उशीर थोडा असताना कण मध्याजवळ घुटमळले. तो एका हद्दीपलीकडे वाढवला तसे ते मध्याला बगल देऊन त्याच्याभोवती फिरू लागले, आणि बरेच कण एकत्र असले की सगळे एकाच बाजूला फिरत राहिले. गोल फिरा, असा हुकूम त्यांना कुणीही दिला नव्हता. मध्याकडे जा, एवढंच सांगितलं होतं, पण उशिरा.

जोव्हानी व्होल्पे यांच्या गटाने 2016 साली प्रकाश ओळखणाऱ्या छोट्या यंत्रमानवांवर असाच प्रयोग केला. त्यात त्यांनी उलटा उशीरही वापरला, म्हणजे आत्तापर्यंतच्या माहितीवरून पुढचा अंदाज बांधून चालणं. उशिराची जात बदलली तशी एकत्र येणारी यंत्रं पांगायला लागली. पुढचा अंदाज बांधायचं हेच काम पॉट्सचे डनलिन करत होते, अंदाजाने उशीर खोडून काढत होते.

थव्याचं सगळ्यात सुंदर काम मात्र रोममध्ये झालं. हिवाळ्यात तिथे युरोपी मैनांचे प्रचंड थवे उतरतात. आपल्याकडे ज्वारी हुरड्यात आली की ज्या भोरड्या शेतावर कोसळतात आणि ज्यांच्यासाठी राखणदार गोफण घेऊन माळ्यावर चढतो, त्यांची ही जवळची भावंडं. तेर्मिनी रेल्वेस्थानकाजवळच्या पलाझ्झो मास्सिमो या संग्रहालयाच्या गच्चीवर आंद्रेआ कवान्या, इरेने जार्दिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावले आणि थव्यातल्या प्रत्येक पाखराची तिन्ही मितींतली जागा काढली. पुढे 2021 साली नोबेल मिळालेले जॉर्जो पारिसी सुरुवातीपासून या कामात होते. 2008 साली त्यांनी दाखवलं, की मैना ठरावीक अंतरातल्या सगळ्यांकडे लक्ष देत नाही, जवळच्या सहा-सात जणींकडेच देते, मग त्या अंतराने कितीही लांब असोत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विश्वेश गुत्तल यांच्या गटाने 2020 साली माशांबद्दल तर याहून थोडक्यात भागवलं. कोकणात आणि गोव्यात आपण ज्याला कालुंदर म्हणतो त्या माशाच्या झुंडीत प्रत्येकाने एका वेळी कुठल्यातरी एकाचीच दिशा उचलली, तरी झुंड जुळून येते.

रोमचा 2014 सालचा निष्कर्ष वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घातल्या होत्या. प्रश्न असा होता, की वळणाची बातमी थव्यातून कशी पसरते. जुनी गणिती प्रारूपं धरून चालली होती, की पाखरू शेजाऱ्यांची सरासरी दिशा बघतं आणि लगेच तिकडे वळतं. तसं असतं तर बातमी पाझरत गेली असती. दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागला असता आणि वाटेत ती विरूनही गेली असती. मोजणीत निघालं भलतंच. दुप्पट अंतराला दुप्पटच वेळ. सेकंदाला 20 ते 40 मीटर अशा ठाम वेगाने वळण थव्यात सरकत होतं आणि जवळजवळ जराही क्षीण होत नव्हतं.

कारण काय, तर पाखरू लगेच वळत नाही. त्याच्या वळण्याला जडत्व असतं. वळायला लागायला वेळ लागतो, आणि एकदा वळायला लागलं की थांबायलाही लागतो. हे जडत्व समीकरणात घातल्याबरोबर बातमी पाझरायची थांबली आणि लाटेसारखी चालायला लागली. ज्या संथपणाला मी आयुष्यभर फळ्यावर खोडत होतो, त्याच्याच जोरावर इथे बातमी न हरवता शेवटच्या पाखरापर्यंत पोहोचत होती. प्रत्येक जण तत्काळ सरासरीला येऊन मिळाला असता, तर पहिल्या पाखराने पाहिलेला ससाणा मधल्या गर्दीतच बुजून गेला असता.

आपल्या डोळ्यांनी अशी लाट बघायची असेल तर रोमला जायची गरज नाही. पाण्याच्या टाकीखाली नाहीतर गडाच्या कड्याला लटकलेलं आग्या मोहोळ सुरक्षित अंतरावरून, शक्यतो दुर्बिणीने बघावं. वरवर तो नुसता काळपट पडदा दिसतो. एखादी गांधीलमाशी जवळ घिरट्या घालायला लागली की पडद्यावर एका जागी माशा पोटाचा भाग झटक्याने वर उचलतात, लगेच शेजारच्या उचलतात, आणि एक चकाकती लाट क्षणार्धात मोहोळावरून पसरून जाते. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे गेराल्ड कास्टबर्गर यांनी नेपाळमध्ये याचा अभ्यास करून 2008 साली लिहिलं, की या लाटांमुळे मोहोळापासून सुमारे अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात गांधीलमाश्यांना शिकार साधता येत नाही. प्रत्येक माशी शेजारणीनंतर किंचित उशिरा हलते म्हणूनच ही लाट होते. सगळ्या एका क्षणी हलल्या असत्या तर नुसती एक उचकी दिसली असती. मात्र कृपा करून दगड मारून, धूर करून लाट बघायला जाऊ नका. गडांवर अशाच आगाऊपणाने माणसांच्या जिवावर बेतलं आहे.

आता माझ्या कबुतरांकडे वळतो. 2010 साली बुडापेस्टचे तमाश व्हिचेक, मातेय नॉज आणि ऑक्सफर्डच्या डोरा बिरो यांनी होमर कबुतरांच्या पाठीवर छोटी जीपीएस यंत्रं बसवली. सेकंदाला पाच वेळा जागा नोंदणारी. थवे दहापर्यंत कबुतरांचे. मग त्यांनी प्रत्येक जोडी घेऊन एकच विचारलं, की एकाने दिशा बदलल्यावर किती वेळाने दुसऱ्याने तीच दिशा धरली. उत्तर सेकंदाच्या काही दशांशांत येत होतं. ज्याचा मार्ग दुसरा उशिराने गिरवतो, तो पुढारी. इथे उशीर मोजपट्टीच झाला. थव्याला बोलता येत नाही, पण कोण कुणाचं ऐकतो हे या उशिरांतून वाचता येतं.

निघालेलं चित्र असं, की थव्यात उतरंड असते. अ चं ब ऐकतो, ब चं क ऐकतो, आणि क अ चंही ऐकतो. चक्र कुठेही पुरं होत नाही. पुढारी बहुधा पुढे उडतात. शिवाय डाव्या डोळ्याला दिसणाऱ्या साथीदाराला कबूतर अधिक लवकर प्रतिसाद देतं. 2013 साली त्याच गटाने ढाबळीतली दादागिरी तपासली. दाण्याच्या परातीजवळ कोण कुणाला टोचून हाकलतं, हे नोंदलं. जमिनीवरच्या दादाचा आभाळातल्या पुढारीपणाशी काही संबंध निघाला नाही.

माझा पुतण्या शाळेत जायच्या वयाचा होता तेव्हापासून सांगायचा, "काका, ती काबरी आधी वळती बघा, मग बाकीची." ती ठिपक्यांची मादी दाण्यावर नेहमी शेवटी यायची. तिला कुणीही ढकलावं. पण शिट्टी घालून थवा वर काढला की विश्रामबागेच्या बाजूला पहिला कल तिचाच. आम्ही दोघांनी मोबाइलवरचं चित्रण पुढे-मागे करत कितीतरी वेळा हे तपासलं. तिच्यामागे ठरलेली दोन, त्यांच्यामागे बाकीची. थवा शिकऱ्याने फोडला तर गोष्ट वेगळी. तेव्हा ज्याला आधी दिसेल तो वळतो.

पुढारी ठरतो कशावरून, याचं उत्तर 2015 साली बेंजामिन पेटिट आणि बिरो यांच्या कामातून मिळालं. एकट्याने उडताना जे कबूतर जास्त वेगाने जातं, तेच थव्यात पुढारी होतं. त्याला आधीपासून वाट जास्त चांगली माहीत असते, असं नाही. ते वेगवान असतं म्हणून पुढे जातं, पुढे असतं म्हणून त्याचं वळण आधी दिसतं. पण नंतर सगळ्यांना पुन्हा एकेकटं सोडून बघितलं तेव्हा पुढाऱ्यांची घराकडची वाट अनुयायांपेक्षा सरळ झालेली होती. मागच्यांचं लक्ष जमिनीवरच्या खुणांपेक्षा पुढच्या सोबत्यावर गेलं असणार.

स्पर्धेसाठी होमर पाळणाऱ्या माणसांनी हे मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. पिल्लांचा सगळा जथा एकदम सोडायचा आणि सगळी परत आली की सगळी शिकली समजायचं, ही आपली रीत आहे. परत येतात ती, पण मागची चार नुसती पुढच्याला उशिराने गिरवत येतात. वादळात नाहीतर ससाण्याच्या धाडीत पुढचा हरवला, की त्यांना घर सापडत नाही.

आमच्याकडे आता जयसिंगपूरच्या पुढे माळावर गाडी उभी करून पुतण्या खोके उघडतो. वेगवान पाखरं आधी जाऊ देतो. ती दिसेनाशी झाली की मग मागे राहणाऱ्यांना एकेक करून सोडतो, दोघांत दहा-दहा मिनिटं घालवून, म्हणजे कुणाला समोर कुणाची शेपटी दिसायला नको.